निरोप घ्यायचाय का?

माझी आई जर्मनीत मेली. लोक ‘वारल्या’ म्हणतात, ‘देवाघरी गेल्या’ म्हणतात. मीही तसं म्हणून पाहिलं, पण जीभ वळत नाही. असले मऊ शब्द वापरायला आधी माणूस गेल्याची खात्री पटावी लागते, आणि माझी खात्री पटावी असं कुणी काही माझ्या नजरेसमोर येऊच दिलं नाही. मी आईला शेवटचं पाहिलं ते पाठमोरं. सुती साडी, खाली पायमोजे आणि स्पोर्ट्स शूज, वर माझ्या नवऱ्याचं जुनं जाकीट. जिना उतरताना ती कठड्याला धरून चालली होती आणि मी वरून ओरडत होते, की बर्फ आहे, सांभाळून.

ती माझ्या बाळंतपणासाठी आली होती. वाल्डॉर्फजवळच्या एका लहानशा गावात आम्ही दोन वर्षांपूर्वी येऊन राहिलो होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी घरात. युरोच्या नव्या नोटा आल्या तो हिवाळा. मला सातवा लागला होता आणि डोहाळजेवण आपल्या हातचं व्हावं म्हणून आई दोन महिने आधीच साताऱ्याहून आली. सामानात डिंक, खारीक, अळीव, आणि कस्टमवाल्यानं उघडून पाहिलेला शेपा-बाळंतशेपांचा डबा. आल्यापासून रोज सकाळी ती एकटी बेकरीत जायची. बोटानं पाव दाखवायचा आणि भेटेल त्याला ‘मॉर्गन’ म्हणायचं. तीन आठवड्यांत तिनं तेवढा एक शब्द कमावला होता. मी दोन वर्षांत तोही तोंडातून काढला नव्हता. जर्मन बोलायचं काम घरात नवऱ्याकडे होतं. त्याला ते फार आवडायचं, आणि मला त्याचं आवडणं सोयीचं होतं.

त्या दिवशी आई बेकरीतून परत येताना बसस्टॉपजवळ कोसळली. जाकिटाच्या खिशात नवऱ्यानं लिहून ठेवलेली चिठ्ठी होती, घरच्या फोन नंबराची. हायडेलबर्गच्या इस्पितळातून फोन आला तेव्हा मी पोहे भिजवले होते. आम्ही पोहोचलो. एका नर्सनं माझं पोट पाहिलं, माझं तोंड पाहिलं, आणि मला खुर्चीत बसवून दंडाला पट्टा गुंडाळला. बीपी बरंच वर गेलं होतं. ती मला उठू देईना. डॉक्टर नवऱ्याला घेऊन आत गेला. पाच मिनिटांत नवरा बाहेर आला.

“आई गेल्या,” तो म्हणाला.

“मला बघायचंय.”

“आत्ता नको. बीपी उतरू दे. नंतर दाखवतील.”

मी मान डोलावली. माझा त्या माणसावर विश्वास होता. पुढचे बारा दिवस मी त्या ‘नंतर’वर काढले.

मला आईला एकदा बघायचं होतं. बस, एवढंच. ह्यात कुठलं तत्त्वज्ञान नव्हतं. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यांना हॉलमध्ये आडवं ठेवलं होतं. नाकात कापूस, गालावर दोन दिवसांचे पांढरे खुंट, पायाचे अंगठे सुतळीनं बांधलेले. शेजारच्या काकूंनी माझं मनगट धरून माझा हात त्यांच्या पावलांवर ठेवला. पाऊल गार होतं, आणि नुसतं गार नव्हतं, परकं होतं. तेव्हा मी जी किंकाळी फोडली ती अख्ख्या गल्लीनं ऐकली. मग तेरा दिवस घरात माणसांची ये-जा, दुसऱ्यांच्या घरून आलेला पिठलंभात, तेच तेच प्रश्न, तीच तीच उत्तरं. कसे गेले, कधी गेले, काही बोलले का. मला तेव्हा त्या बायकांचा राग यायचा. पण दोनशे वेळा सांगून झाल्यावर ती गोष्ट खरी झाली होती. पंधराव्या दिवशी मी चहा प्यायले आणि मला तो गोड लागला. माणसाचं जाणं पचायला आधी तोंडात घास यावा लागतो. आईच्या वेळी माझ्या तोंडात कुणी घासच घातला नाही.

धाकट्या भावाकडे पासपोर्ट नव्हता. तो फोनवर हुंदके देत म्हणाला, “ताई, तिकडेच करा. इतक्या लांबून आणून तिचे हाल नकोत.” त्याच संध्याकाळी नाशिकहून सासूबाईंचा फोन आला. नवऱ्याशी त्या बराच वेळ बोलल्या. तो नुसता “हो आई, हो आई” करत होता. मग त्यांनी मला फोन द्यायला लावला. “रडू नकोस हं,” त्या म्हणाल्या, “पोटातल्याला त्रास होतो.” मी रडत नव्हते. मी “नाही, अहो आई, नाही रडत” म्हणाले, आणि त्यांना ते फार आवडलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बेस्टाटरकडे गेलो, म्हणजे तिथला अंत्यविधीचं सगळं बघणारा माणूस. त्याचं ऑफिस एखाद्या नीटनेटक्या बँकेसारखं होतं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा आणि एका फाइलमध्ये शवपेट्यांचे फोटो. बेस्टाटर पन्नाशीचा होता, जाडजूड, हळू बोलणारा. लाकूड कुठलं, आत कापड कुठल्या रंगाचं, फुलं कुठली, तो एकेक विचारायचा, नवरा मला मराठीत सांगायचा, मी काहीतरी म्हणायचे. शेवटी त्यानं पेन खाली ठेवलं. नवऱ्याकडे न बघता त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, “म्योश्टन झी आबशीड नेमन?”

“नाइन, डांके,” नवरा म्हणाला. म्हणजे नको, धन्यवाद.

तो माणूस अजून माझ्याकडेच बघत होता. “झिखर?” त्यानं विचारलं. नक्की?

“या, गेनाऊ,” नवरा म्हणाला. हो, अगदी.

मी नवऱ्याला विचारलं, काय म्हणतोय? “निरोप घ्यायचाय का, म्हणतोय. म्हणजे निघायचंय का. म्हटलं, अजून थोडं काम बाकी आहे.” मला तेव्हा वाटलं, किती शिष्ट माणूस, गिऱ्हाईक समोर बसलंय आणि हा उठवायला बघतोय. मग कागद पुढे आले. “तुझी आई, तर सही तुझी लागेल,” नवरा म्हणाला, आणि जिथे जिथे त्याचं बोट होतं तिथे तिथे मी सही केली.

त्यानंतर कागदांचं लांबण लागलं. आई रस्त्यात कोसळलेली, म्हणून पोलिसांचा एक दाखला. दहनाआधी दुसऱ्या डॉक्टरनं पुन्हा तपासायचं, त्याचा एक. मग जन्मदाखला हवा. आईचा जन्म कुणी कुठे नोंदलाच नव्हता. ‘मोठा पूर आला त्याच्या पुढच्या वर्षी’ एवढीच तिची जन्मतारीख, आणि पासपोर्टात वडिलांनी अंदाजे लिहिलेली. नवरा ऑफिसात सुटी टाकून ह्या खिडकीतून त्या खिडकीत फिरला, हे मी नाकारत नाही. त्यानं पुष्कळ धावपळ केली. त्या धावपळीचीही मला पुढे चीड यायला लागली, पण ते पुढे.

दहाव्या दिवशी भावाचा फोन आला. गुरुजींनी दिवस मृत्यूपासूनच मोजायला सांगितले होते, म्हणून साताऱ्यात त्यांनी दहावा करून टाकला. “ताई, कावळा लगेच शिवला,” तो म्हणाला. आवाजात इतकी सुटका होती. “पिंड ठेवला आणि लगेच. आईची काही म्हणजे काही इच्छा राहिली नव्हती बघ.” मी हो म्हणाले. त्या वेळी आई हायडेलबर्गमध्ये कुठल्याशा शीतकपाटात पडून होती, एक शिक्का मिळायचा होता म्हणून. तिकडे सुतक फिटलं, भावानं डोकं भादरून घेतलं, बायकांनी घर धुतलं, आणि इकडे अजून तिला अग्नीसुद्धा मिळाला नव्हता. त्या कावळ्याचा मला आजही राग येतो. एवढी कसली घाई होती त्याला?

बाराव्या दिवशी दहन झालं. मराठी मंडळातली चार माणसं रजा टाकून आली. एका मावशींनी गंगाजलाची कुपी आणली होती, कुणी वाळलेली तुळशीची पानं. मी घरून माझ्या कानातल्याचा सोन्याचा मणी काढून रुमालात बांधून नेला होता, आईच्या तोंडात ठेवायला. बारा दिवस मी तेवढंच ठरवत होते: आधी तोंडावरून हात फिरवायचा, मग पाणी, मग तुळस, मग मणी. आत गेलो तर समोर पेटी. बंद. झाकणाचे स्क्रू पक्के बसवलेले आणि त्यांच्यावर पितळी टोप्या.

“उघडायला सांग,” मी नवऱ्याला म्हणाले.

तो पुढे गेला, तिथल्या माणसाशी दोन वाक्यं बोलला, परत आला. “इथे उघडत नाहीत. नियम आहे.”

“इथे असंच असतं,” मावशी म्हणाल्या. बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनाच जर्मनीचे नियम माहीत होते. मी तुळशीची पानं झाकणावर ठेवली. ती वाळलेली होती, घरंगळून खाली पडली. कुपी तशीच मावशींच्या पर्समध्ये परत गेली. कुठूनतरी ऑर्गनची टेप सुरू झाली, संपली, आणि पडदा सरकला. पेटीत माझी आई होती असं मला सांगण्यात आलं. मी ते ऐकून घेतलं, जसं आपण रेल्वे स्टेशनवर गाडी लेट असल्याचं ऐकून घेतो.

राखेचा डबा सीलबंद होऊन परस्पर भारतात गेला. तिथे भावानं राख कृष्णेत सोडली. मला तेव्हा नववा होता.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. आईनं आणलेल्या डिंकाचे लाडू नवऱ्यानं पुस्तकात बघून केले आणि ते दगडासारखे झाले. मी रडले नाही. लोक म्हणायचे, किती धीराची आहे. डॉक्टर म्हणाली, बाळंतपणानंतर असं होतं. सासूबाई म्हणाल्या, आईनंच पोटी जन्म घेतला, आता दुःख कसलं. ह्या एका वाक्यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही. बाळाच्या तोंडाकडे बघताना मी आई शोधायचे आणि ती तिथे नसायची. ते बिचारं दूध मागायचं.

मला दुःख होत नव्हतं. मला राग येत होता. बसचा ड्रायव्हर, दरवाजा धरून न ठेवणारा माणूस, वरच्या मजल्यावरची म्हातारी, सगळ्यांवर. आणि एक सवय लागली: रस्त्यात पुढे एखादी बुटकी बाई पुरुषी जाकीट घालून चालली असेल तर मी बाबागाडी ढकलत धावत पुढे जायचे आणि वळून तिचं तोंड बघायचे. एकदा एक टर्किश आजी घाबरून मटकन बेंचवर बसली. मला ठाऊक होतं की ती आई नाही. ठाऊक असणं वेगळं. वडिलांना मी शहरातल्या गर्दीत कधी शोधलं नाही, कारण त्यांचं गार पाऊल माझ्या तळव्याला माहीत होतं.

मुलगी किंडरगार्टनमध्ये जायला लागली आणि माझ्याशी जर्मनमध्ये बोलायला लागली, तेव्हा मी भाषेच्या वर्गात नाव घातलं. शिकवायला एक निवृत्त बाई होत्या, नवरा गेलेल्या. एका सकाळी त्यांनी फळ्यावर ‘नेमन’ लिहिलं, म्हणजे घेणे. मग त्याच्यासोबत काय काय घेता येतं त्याची रांग. जागा घेणे, औषध घेणे. तिसरं लिहिलं: आबशीड नेमन. निरोप घेणे.

मी म्हटलं, हे मला येतं. निघायचं असलं की म्हणतात.

बाई म्हणाल्या, तसंही चालेल. पण जास्त करून माणूस मेल्यावर म्हणतात. पेटी बंद करायच्या आधी घरची माणसं खोलीत जातात आणि जवळ बसतात. “माझ्या नवऱ्याजवळ मी तासभर बसले होते. त्याचा हात धरला. भांग चुकीचा पाडला होता, तो नीट केला. बेस्टाटर विचारतोच. विचारल्याशिवाय कधी बंद करत नाहीत.”

घरी जाऊन मी कपाटावरची फाइल काढली. ह्या देशात कुठलाही कागद फेकत नाहीत, आणि नवरा तर अजिबात नाही. तिसऱ्या पानावर होतं. आता मला वाचता येत होतं. ‘उघड्या पेटीशी निरोप’, पुढे दोन चौकटी, एक हो आणि एक नको. ‘नको’च्या चौकटीत फुली. खाली माझी सही, पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, वळणदार. शाळेत मला त्या अक्षराचं बक्षीस मिळालं होतं.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी ते पान जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. “तुला कळलंच नाही ना तेव्हा?” मी म्हणाले. “निरोप घ्यायचाय का म्हणजे निघायचंय का, असं वाटलं ना तुला?”

त्यानं पान वाचलं. खुर्चीत बसला. काहीच बोलला नाही. त्याचं ते गप्प बसणं मी शरम समजले. मला त्याची इतकी दया आली की मी उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बिचारा. मराठीतला निरोप त्यानं जर्मनमध्ये नेला आणि तो तिथे दुसऱ्याच अर्थाचा निघाला. आपल्याकडून होण्यासारखीच चूक. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. चूक सापडली की माणसाला बरं वाटतं. आई सापडली नव्हती, पण चूक तरी सापडली होती.

मग मी त्याची गोष्ट केली. सुरुवातीला एकदोन मैत्रिणींना सांगितली, मग सगळ्यांना. सांगता सांगता ती धारदार होत गेली. “आमच्याकडे जर्मनचे पंडित आहेत,” अशी सुरुवात करायची आणि ‘अजून थोडं काम बाकी आहे’ ह्या वाक्याला नवऱ्याची नक्कल करायची. लोक हसू की नको अशा तोंडानं हसायचे. मी त्याला टोचत होते हे मला कळत होतं. त्याला टोचलं की मला जरा मोकळं वाटायचं. रडायच्या जागी माझ्याकडे तेवढंच होतं. तोही ऐकून घ्यायचा. मधल्या काळात तो ऑफिसात वर चढला होता, जर्मन साहेबांपुढे जर्मनमध्ये भाषणं करायचा, आणि घरी मुलीच्या वह्यांतल्या चुका लाल पेनानं काढायचा.

मुलगी सात वर्षांची झाली त्या वर्षी फ्रँकफर्टला मंडळाचा गणपती होता. आरती झाली, जेवणं झाली. दुपारी खुर्च्या गोल करून आम्ही बसलो होतो. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं, तिला पाचवा महिना, तिची आई येणार होती. विम्याचं काय करायचं, असं ती विचारत होती. मी म्हटलं, विमा राहू दे, आधी भाषा शीक, आणि न वाचता कुठे सही करू नकोस. आणि माझी गोष्ट सुरू केली. पंडित, नाइन डांके, थोडं काम बाकी आहे. ह्या वेळी एकजण मोठ्यानं हसला आणि नवऱ्याच्या पाठीत थाप मारून म्हणाला, “काय रे, आणि तू आमच्या पोरांचं जर्मन तपासतोस?”

नवऱ्याचे कान लाल झाले.

“माझं जर्मन तेव्हाही चांगलं होतं,” तो म्हणाला. “इथे यायच्या आधी पुण्यात सगळ्या परीक्षा दिल्या होत्या मी. पहिला आलो होतो. मला अगदी व्यवस्थित कळलं होतं तो काय विचारतोय ते.”

तो माझ्याकडे वळला. “काय करायला हवं होतं मी? सातवा महिना तुझा. माझ्या आईनं फोनवर शपथ घातली होती, गरोदर बाईला प्रेत दाखवायचं नसतं, काही वेडंवाकडं झालं तर मला तोंड दाखवू नकोस. तुझं बीपी तसलं. तुला विचारलं असतं तर तू ऐकणार होतीस?” आणि त्यानं मुलीकडे हात केला. ती पलीकडे मोदक कुरतडत होती. “बघ ना. नीट झाली की नाही?”

“त्यानं तुझ्या भल्यासाठीच केलं गं,” मावशी म्हणाल्या. गंगाजलवाल्याच. आणि बाकीच्यांनी माना हलवल्या, अगदी त्या दिवशीसारख्याच.

मी त्याला भाषेची चूक माफ केली होती. ती त्यानं केलीच नव्हती. मी आपण होऊन त्याच्या हातात एक बहाणा दिला होता, आणि त्यानं तो साडेतीन-चार वर्षं वापरला. माझी नक्कल, माझे टोमणे सगळं मुकाट्यानं सहन केलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते स्वस्त होतं. शेवटी त्याला खरं बोलायला लावलं ते माझ्या आईनं नाही, त्याच्या परीक्षेतल्या पहिल्या नंबरानं. आणि त्या दहनाच्या दिवशी पेटीजवळच्या माणसाशी तो जी दोन वाक्यं बोलला होता ती कुठली? उघडायला त्यानं सांगितलं तरी होतं का? हे मी त्याला विचारलं नाही. उत्तर त्याच्या कानांवर दिसत होतं.

परतीच्या वाटेवर मुलगी मागे गाणी ऐकत होती, कानांत हेडफोन. मग मी विचारलं, “दिसत कशी होती?”

“कोण?”

“आई. इस्पितळात. तू एकटाच आत गेला होतास.”

हे मी त्याला इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, उसन्या डोळ्यांनी नाही, म्हणून मी ते मागितलंच नव्हतं. आता उसनं तर उसनं. दुसरं मिळणार नव्हतं.

“शांत,” तो म्हणाला. “झोपल्यासारख्या.”

“ते सगळेच सांगतात. नीट सांग. तोंड मिटलेलं होतं? डोळे? कुठे लागलं होतं का पडताना?”

त्यानं एका ट्रकला मागे टाकलं, आरसा पाहिला, उजव्या लेनमध्ये आला. “मला नाही बघवलं गं,” तो म्हणाला. “नर्सनं चादर बाजूला केली तेव्हा मी मान खालीच घातली. हात दिसला. पाटल्या दिसल्या. ह्या तुमच्या सासूबाई का, असं तिनं विचारलं. मी नुसतं ‘या’ म्हणालो आणि बाहेर आलो.”

जर्मनमध्ये हो म्हणजे या. आमच्या साताऱ्यात निघालेल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘जा’ म्हणत नाहीत. त्याच्याबरोबर दारापर्यंत यायचं, त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं, या. माझ्या आईपाशी उभं राहून तिच्या माणसांपैकी कुणी काही उच्चारलं असेल तर तो हा एक शब्द. तोही खाली मान घालून, पाटल्यांकडे बघत, दुसऱ्याच बाईला दिलेलं उत्तर म्हणून. तिचं तोंड कुणीच पाहिलं नव्हतं. मी नाही, भावानं नाही, आणि ज्याच्या भरवशावर मी त्या खुर्चीत बसून राहिले त्यानंही नाही.

मी रडायला लागले. साडेसात वर्षांनी, भर दुपारी, आउटोबानवर, मोठमोठ्यानं. मुलीनं हेडफोन काढले. आणि नवरा एक हात स्टिअरिंगवर ठेवून मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, “अगं, पण आता काय झालं?”